पाण्याचा रकाना

चंदीगड
६ फेब्रुवारी २००१

प्रिय उल्का,

पत्र मिळालं. फॉर्मचं उत्तर आधी देते. अंशुमनच्या नव्या नोकरीचा, पुण्याच्या कंपनीचा फॉर्म पोचला आहे, टेबलावर आहे, भरलेला नाही. तुझ्या दादांनी तीन आठवड्यांत कशावरही सही केलेली नाही. काल कुरिअरवाला आला, तर मला म्हणाले, "तू कर."

तुझ्या अंशुमननं घरी पोचल्यावर 'फॅक्टरी बंद झाली' एवढंच सांगितलं असेल. काय झालं ते लिहिते. दोनदा लिहायला लावू नकोस.

आपण हॉस्पिटलला नऊ बॅटरीगाड्या दिल्या होत्या. रुग्णांना गेटपासून ओपीडीपर्यंत नेण्यासाठी. धूर नाही, आवाज नाही म्हणून त्यांना हव्या होत्या. बॅटऱ्या दोन वर्षं टिकतील असं यांनी लिहून दिलं होतं. दहा महिन्यांत एका चार्जिंगवर सत्तर किलोमीटरच्या जागी बारा व्हायला लागले. डिसेंबरात एक गाडी चढावर थांबली. आत डायलिसिसच्या एक बाई होत्या. त्यांना स्ट्रेचरवरून नेलं. त्यांना काही झालं नाही. पण नऊच्या नऊ गाड्या नऊ जानेवारीपर्यंत परत आल्या. ते ऐकून बाकीच्यांनी आगाऊ मागण्या काढून घेतल्या. दिल्लीला सबसिडीची फाइल होती, तीही बंद झाली. ग्रेवालजी, यांचे भागीदार, आमच्या बैठकीत पाणी पिऊन म्हणाले, "भाभीजी, हुण बस." म्हणजे आता पुरे. इंडस्ट्रियल एरियातली ती शेड आता मोटारसायकलींचं गोदाम होणार आहे. गाड्या मागच्या पत्र्याखाली उभ्या आहेत, कोणी नेईपर्यंत.

कारण काय, हे तू विचारशील. हे म्हणतात, चार्जर. तो यांनी स्वतः आखला होता. हॉस्पिटलला यांनी तसं लेखी कळवलं: दोष आमच्या आखणीत आहे, आपल्या ड्रायव्हरांचा नाही. मी म्हटलं, तपासणी पूर्ण व्हायच्या आधी लिहू नका. तर म्हणाले, "वही पाहिलीस ना? वही स्वच्छ आहे. मग उरलं काय?"

वहीचं तुला माहीत नसेल. यांनी एअर फोर्समध्ये तीस वर्षं विमानांची देखभाल केली. तिथे प्रत्येक विमानाची वही असते. ज्यानं काम केलं त्यानंच सही करायची, आणि त्या सहीवर दुसरा माणूस विमान आकाशात नेतो. तशीच लाल पुठ्ठ्याची वही यांनी फॅक्टरीत ठेवली. दर शनिवारी हॉस्पिटलात जाऊन प्रत्येक गाडीच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर भरायचं आणि पाण्याच्या रकान्यात सही करायची. हे काम अंशुमनचं होतं. एकही शनिवार सुटलेला नाही.

उघडा चार्जर जेवणाच्या टेबलावर आहे. आम्ही ओट्याशी जेवतो. हे स्क्रू काढतात, बशीत ठेवतात, परत लावतात. वाढलेलं खातात. काय खाल्लं ते विचारलं तर आठवून सांगावं लागतं.

फोन करू नकोस. फोन त्याच टेबलाशेजारी आहे.

तुझी
सरलावहिनी


कऱ्हाड
१५ फेब्रुवारी २००१

ती. सरलावहिनींना नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि ह्यांना एकदा वाचून दाखवलं. हे म्हणाले, "वहिनींचं पत्र म्हणजे पंचनामा. पण त्यातून सगळं कळतं."

दादाचं वाचून कसंतरी झालं. लहानपणी रेडिओ दुरुस्त करताना तो असाच बसायचा, आई हाका मारून थकायची. पण तेव्हा रेडिओ शेवटी वाजायचा.

आमच्या घरातही एक माणूस बसून आहे, म्हणून मला जरा जास्त कळतं. हे दिवाळीपासून घरी आहेत हे मी तुम्हांला कळवलं नव्हतं. आता कळवते. स्कूटर कोणी घेत नाही, वहिनी. सगळ्यांना मोटारसायकल हवी. ह्यांच्या कारखान्यानं एका दिवशी दोनशे चाळीस माणसांना स्वेच्छानिवृत्तीचे कागद दिले. स्वेच्छा कोणाची ते विचारू नका. बावीस वर्षं स्टोअर सांभाळलं, आता माझं स्वयंपाकघर सांभाळतात. प्रत्येक डब्याला नंबर लावलाय. जिरं 'ब-चार'मध्ये असतं. काल शेजारच्या प्रतिमाताई वाटीभर साखर मागायला आल्या, तर ह्यांनी त्यांच्याकडून चिठ्ठी लिहून घेतली. हसत होत्या बिचाऱ्या. मी पण हसले. मग आत जाऊन बसले.

म्हणून फॉर्मची घाई. घरात आता कमावणारा अंशुमन एकटा. पुण्याच्या कंपनीनं त्याला निवडलंय, गाड्यांच्या इलेक्ट्रिकल तपासणी विभागात. पण आधीच्या ठिकाणच्या साहेबानं भरलेला फॉर्म वीस मार्चच्या आत पोचला पाहिजे. मामा म्हणून नको, साहेब म्हणून दादानं भरावा.

आणखी एक. अंशुमन आल्यापासून नीट बोलत नाही. तुमचं पत्र वाचताना तो उठून अंगणात गेला. रात्री मला म्हणाला, "आई, मामी मुझसे नाराज हैं क्या?" दीड वर्षात पोरगा हिंदीतच बोलायला लागलाय. मी म्हटलं, मराठीत विचार म्हणजे सांगते. तर पांघरूण ओढून झोपला.

नाराज आहात का?

उल्का


चंदीगड
२७ फेब्रुवारी २००१

प्रिय उल्का,

अविनाशरावांचं तू दिवाळीतच कळवायला हवं होतंस. आता कळलं.

तू विचारलंस म्हणून सांगते. आहे.

माझी सवय तुला माहीत आहे, वहीत लिहिलंय एवढ्यावर मी थांबत नाही. एकवीस वर्षं पाच गावांत केमिस्ट्री शिकवली. मागच्या सोमवारी हे दवाखान्यात रक्तदाब दाखवायला गेले होते, तेव्हा मी रिक्षानं फॅक्टरीत गेले. नऊ गाड्यांच्या बॅटऱ्यांतलं थोडं थोडं ॲसिड बाटल्यांत भरून आणलं. बाटल्यांवर चिकटपट्टी लावून क्रमांक घातले. कॉलेजातून निवृत्त होताना शैलजानं, आमच्या प्रयोगशाळेतल्या मदतनीस बाईनं, सिल्व्हर नायट्रेटची एक छोटी बाटली आठवण म्हणून दिली होती. कोणी पेन देतं, तिनं ते दिलं. ती कपाटात होती.

ॲसिड पातळ केलं, नायट्रिकचा थेंब टाकला, मग सिल्व्हर नायट्रेट. डिस्टिल्ड वॉटरमध्ये हे टाकलं तर काही होत नाही, पाणी पाण्यासारखं राहतं. नळाच्या पाण्यात क्लोराइड असतं, त्यात टाकलं की दुधासारखं पांढरं होतं. नऊपैकी सात बाटल्या पांढऱ्या झाल्या. उरलेल्या दोन गाड्यांतल्या प्लेट्स अर्ध्या उघड्या होत्या, म्हणजे त्यांत कोणी नळाचंसुद्धा घातलं नव्हतं.

चार्जर निर्दोष आहे; बॅटऱ्या नळाच्या पाण्यानं आणि कोरड्या प्लेट्सनी गेल्या. ड्रायव्हरांनी हॉस्पिटलच्या पार्किंगमधल्या नळाला पाइप लावून बॅटऱ्या भरल्या. आणि ज्यानं दर शनिवारी उघडून बघायचं तो न बघता सही करत होता. सप्टेंबर ते जानेवारीची वही माझ्यासमोर आहे. एकशे एकाहत्तर सह्या. सगळ्या एका शाईतल्या, एका तिरकेपणाच्या, ओळीनं. गाडीगाडीला वाकून केलेल्या सह्या अशा नसतात. खुर्चीत बसून केलेल्या असतात.

यांना सांगितलेलं नाही. हे त्या सह्यांवर विसंबून स्वतःला दोषी ठरवून बसले आहेत. सांगितलं तर चार्जर सुटेल, पण भाचा जाईल. आणि फॉर्म यांच्या हातून कधीच भरला जाणार नाही, हे मी लिहून देते. एअर फोर्समध्ये एका कॉर्पोरलनं नट न तपासता सही केली होती, त्याला यांनी स्वतः शिक्षेला पाठवलं. तो यांचा आवडता होता.

तेव्हा आता अंशुमननं ठरवावं. मामाला पत्र लिहून स्वतः सांगावं, नाहीतर पुण्याला फॉर्म नाही असं कळवावं. मी मध्ये पडणार नाही. खोटी सही करणाऱ्याला तपासणी विभागात बसवायला माझी मदत होणार नाही.

हे मी रागानं लिहीत नाही. राग येऊन गेला असावा. आता काही येत नाही.

सरला


कऱ्हाड
९ मार्च २००१

वहिनी,

पत्र अंशुमनला वाचायला दिलं. त्यानं सगळं कबूल केलं. नाही म्हणाला नाही. पण पुढे जे सांगितलं ते मी तुम्हांला लिहू शकत नाही, मी तुमच्याहून लहान आहे. त्यालाच लिहायला लावलं. सोबत आहे.

ह्यांनी विचारलं, "लिहितोयस कशाला? मामी मोठ्या आहेत." तर म्हणाला, "इसीलिए."

उल्का


(सोबतचं पत्र)

ती. मामींना सा. न.

माझं मराठी लिहिणं बरोबर नाही, सांभाळून घ्या.

सह्या मी न बघता केल्या. सप्टेंबरपासून पक्का. त्याच्याबद्दल मला काही बोलायचं नाही, चूक माझी आहे.

पण त्याच्या आधीची वही आहे, एप्रिल ते ऑगस्ट. ती फॅक्टरीत लोखंडी कपाटात वरच्या खणात असेल. मे महिन्यात डिस्टिल्ड वॉटरवाल्याचं मशीन जळालं. पाच आठवडे कॅन आले नाहीत. दुसरीकडून थोडे मिळाले, ते तीन गाड्यांना पुरायचे. मामा तेव्हा सबसिडीसाठी दिल्लीला होते. ज्या गाडीत पाणी नाही टाकलं तिचा रकाना मी रिकामा सोडला. मामांनी पहिल्या दिवशी शिकवलं होतं, "नहीं किया तो नहीं लिखना. खाली जगह भी रिपोर्ट है."

वही सोमवारी तुम्ही तपासायच्या. तुम्ही प्रत्येक रिकाम्या रकान्याला लाल गोल केला आणि वही परत पाठवली. मी सेक्टर बावीसच्या रूमवरून सायकलनं तुमच्याकडे आलो. तुम्ही कणीक मळत होता. मी म्हटलं, मामी, ते रिकामं आहे कारण. तुम्ही म्हणालात, "कारणं नकोत. अपुरी वही मी घेत नाही. पूर्ण करून आण." मी परत एकदा बोलायला गेलो. तुम्ही म्हणालात, "अंशुमन, जर्नल पूर्ण नसेल तर परीक्षेला बसता येत नाही, एवढं तरी माहीत आहे ना?"

मग मी पूर्ण करून आणली. तुम्ही बघितलीत आणि म्हणालात, "आता कशी छान दिसतेय."

त्याच्यानंतर मला वाटलं, वही अशीच असते. ड्रायव्हर लोकांनी पण बघितलं की पाणी नसलं तरी सही होते. मग ते नळाचं टाकायला लागले.

मामांना सांगू नका असं म्हणत नाही. तुम्हांला वाटेल ते करा.

अंशुमन


चंदीगड
१७ मार्च २००१

प्रिय उल्का,

पत्र तेराला मिळालं. चौदाला मी फॅक्टरीत गेले. शेडमध्ये मोटारसायकलींची खोकी आली आहेत, कपाटापर्यंत आडवं चालत जावं लागलं. वही वरच्या खणात होती.

तीस लाल वर्तुळं आहेत. शाई माझी आहे. प्रत्येक वर्तुळाच्या आत एक सही आहे, नंतर केलेली.

कणीक मळत होते ते मला आठवत नाही. तो काय म्हणाला तेही आठवत नाही. पण मी काय म्हणाले असेन ते बरोबर आहे. एकवीस वर्षं मी तेच म्हणत आले. अपुरं जर्नल मी कधी घेतलं नाही. मुली बाहेर जाऊन कोणाच्या तरी जर्नलमधून आकडे उतरवून आणायच्या, हे मला माहीत होतं. सगळ्यांना माहीत असतं. पण रकाने भरलेले असायचे आणि मी 'प्रमाणित' असा शिक्का मारायचे. वही म्हणजे काय, याचा यांचा अर्थ वेगळा आणि माझा वेगळा, हे त्रेचाळीस वर्षं संसार करून मला ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी दोन्ही वह्या, नऊ बाटल्या आणि अंशुमनचं पत्र यांच्यासमोर ठेवलं. सगळं सांगितलं. यांनी चष्मा पुसला आणि मे महिन्याचं पान खूप वेळ पाहिलं.

"ही वर्तुळं मी दिल्लीहून आल्यावर पाहिली होती," म्हणाले. "मला वाटलं, तू तपासल्याची खूण."

"अपुरं असल्याची."

"रिकामे असते तर मी जूनमध्येच गाड्या थांबवल्या असत्या."

"हो."

"नऊही बॅटऱ्या उघडून पाहिल्या असत्या."

"हो."

 मी म्हटलं, हॉस्पिटलला दुसरं पत्र लिहा, चार्जरमध्ये दोष नव्हता म्हणून. तर म्हणाले, "गाडी चढावर थांबली ती थांबलीच. कारण आपल्याच घरातलं निघालं. आता त्यांना काय कळवायचं, की चार्जर नाही, बायको?" ते चेष्टेनं म्हणाले असावेत. चेहऱ्यावरून कळलं नाही.

म्हणून पत्र मी लिहिलं, माझ्या नावानं. चार्जरची आखणी योग्य होती, नोंदवही माझ्या आग्रहानं खोटी झाली, एवढंच. प्रत सोबत आहे. त्यांनी डिझेलच्या व्हॅन घेतल्या आहेत असं ऐकते. उत्तराची अपेक्षा नाही.

आता फॉर्म. दुसऱ्या दिवशी सकाळी यांनी आपणहून पेन मागितलं. टेबलावरचा चार्जर बाजूला सारला आणि खुर्चीत ताठ बसून फॉर्म भरला. कामाचा काळ भरला. कामाचं स्वरूप भरलं: 'नऊ गाड्यांचं संपूर्ण वायरिंग यांनी स्वतः केलं, ते मी समक्ष पाहिलं. एकही जोड सुटला नाही.' वक्तशीरपणा: 'चांगला'. मग एक रकाना होता, 'नोंदींची विश्वासार्हता'. तिथे पेन थांबलं. मी बाजूला उभी होते.

"काय लिहू?" म्हणाले.

मी म्हटलं, "मला विचारू नका."

"चांगली लिहिलं तर खोटं. वाईट लिहिलं तर मे महिना खोटा ठरतो. त्यानं बरोबर केलं होतं." मग म्हणाले, "मला नक्की सांगता येत नाही. सांगता येत नसेल तर लिहायचं नाही." आणि खाली सही केली. जानेवारीनंतरची पहिली.

पाकीट बंद करण्यापूर्वी मी फॉर्म एकदा तपासला. तो रकाना रिकामा आहे. अपुरा फॉर्म कंपनी परत पाठवील, हे मला माहीत आहे. मी असते तर पाठवला असता. तरी तसाच पाठवते आहे. हे पत्र आणि फॉर्म एकाच कुरिअरनं निघतील, म्हणजे फॉर्म वीसच्या आत पुण्याला पोचेल. तो रकाना का रिकामा आहे असं त्यांनी विचारलं, तर अंशुमननं खरं ते सांगावं. माझं नाव घ्यायला हरकत नाही.

त्याला सांग, मी नाराज नाही. हेच सांग, आणखी काही जोडू नकोस.

सरला


कऱ्हाड
२२ एप्रिल २००१

ती. सरलावहिनींना नमस्कार.

फॉर्म परत आला नाही. अंशुमनलाच बोलावलं. साहेबानं विचारलं, सगळं भरलंय, मग एवढंच का नाही? ह्यानं सगळं सांगितलं. मे महिना, सप्टेंबर, नळ, सगळं. तुमचं नाव घेतलं नाही. 'घरातल्या एका मोठ्या माणसानं' म्हणाला.

तपासणी विभागात घेतलं नाही. पण वायरिंगच्या लाइनीवर घेतलंय, सहा महिने बघून पुढचं ठरवू म्हणाले. दादानं लिहिलेलं ते 'समक्ष पाहिलं' वाक्य साहेबानं मोठ्यानं वाचून दाखवलं म्हणे. तपासणीपेक्षा पद खालचं आहे. पण सोळा तारखेपासून जातोय. पहिल्या दिवशी ह्यांनी त्याला डबा भरून दिला, नंबराचा.

साहेबानं शेवटी एवढंच म्हटलं, "लाइनीवर सही करावी लागत नाही." अंशुमननं हे हसत सांगितलं. मला काही हसू आलं नाही.

दादा कसा आहे?

उल्का


चंदीगड
३ मे २००१

प्रिय उल्का,

बरं झालं. लाइनीवर हातानं काम आहे, ते त्याला येतं.

दादा बरे आहेत. चार्जर जोडून कपाटात ठेवला. टेबल मोकळं झालं, आता आम्ही तिथे जेवतो. हॉस्पिटलचं उत्तर आलेलं नाही.

ग्रेवालजींनी गाड्या जूनपर्यंत पत्र्याखाली ठेवायची परवानगी दिली आहे. मग भंगारात जातील. तरी हे दर शनिवारी सकाळी सायकलला डिस्टिल्ड वॉटरचा कॅन अडकवून तिथे जातात. नऊही गाड्यांच्या बॅटऱ्या उघडतात, पाणी भरतात, बंद करतात. मी एकदा विचारलं, कशासाठी? म्हणाले, "उघड्या प्लेट्स बघवत नाहीत." यांनी नवी वही केली आहे. घरी आल्यावर ती टेबलावर असते. सोमवारी मी ती उघडून पाहते. ही सवय जाईलसं वाटत नाही.

गेल्या शनिवारी यांना ताप होता. पान माझ्यासमोर आहे. नऊ रकाने रिकामे आहेत. लाल पेन मी खणात ठेवलं आणि वही मिटली.

तुझी
सरलावहिनी